ग्रामपंचायतीचा व शाळेचा संगणक : मदरबोर्ड कोणता निवडावा?

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, मांजरा नदीच्या काठाने तेलंगणाच्या सीमेला भिडलेला बिलोली तालुका हा मुख्यत्वे शेतीवर जगणारा तालुका आहे. मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दू येथे सहज बोलली जाते, आणि बाजारहाटासाठी लोक जितक्या सहजतेने नांदेडला जातात तितक्याच सहजतेने सीमेपलीकडे बोधन-निजामाबादलाही जातात. अशा तालुक्यातील शेतकऱ्याला आज सात-बाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासाचा दाखला किंवा पीकविम्याचा अर्ज यांसाठी अखेरीस एका संगणकासमोर येऊन उभे राहावे लागते. सन २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणजेच संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र या प्रकल्पाने ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणक आणला. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी ते काम पुढे नेले. शाळांच्या बाबतीत केंद्र पुरस्कृत माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना २००४ साली सुरू झाली, आणि २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात अनेक गावांनी लोकवर्गणीतून आपल्या प्राथमिक शाळा ‘डिजिटल’ केल्या.

संगणक गावोगावी पोहोचले ही गोष्ट खरी. परंतु यंत्र येणे आणि ते चालू राहणे यांत अंतर असते. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे आता थकली आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार तिच्या उत्पादकाने थांबविला. तिच्यानंतरच्या ‘विंडोज ११’साठी इंटेलचा आठव्या पिढीतील वा त्यानंतरचा, अथवा एएमडीचा साधारणतः रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर, तसेच ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली आहे. परिणामी जुनी यंत्रे बदलण्याचा विचार अनेक ग्रामपंचायतींत व शाळांत एकाच वेळी पुढे आला आहे. निधी मर्यादित असतो आणि खरेदी एकदाच होते. चुकीचा जोड घरात आला तर पुढील पाच-सात वर्षे तो निस्तरावा लागतो. यास्तव संगणकाचा पाया असलेल्या मदरबोर्डची निवड कशी करावी, याचा थोडा तपशीलवार विचार येथे केला आहे.

खोक्याच्या आत

आपल्याकडे संगणकाच्या लोखंडी खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः ते खोके म्हणजे नुसते कॅबिनेट. सीपीयू अथवा प्रोसेसर ही त्यातील एक चौकोनी चकती असते, आणि ती ज्या मोठ्या हिरव्या वा काळ्या पाटीवर बसते ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅम, साठवणुकीची डिस्क, कळफलक, इंटरनेटची तार, मॉनिटर ही सर्व मंडळी या एका पाटीमार्फत एकमेकांशी बोलतात. घराचे खांब जसे मागाहून बदलता येत नाहीत, तसेच या पाटीचे आहे. रॅम वाढविता येते, डिस्क बदलता येते. पण पाटीवर कोणता प्रोसेसर बसेल, किती रॅम लागेल, मॉनिटरला कोणती तार जोडता येईल, या गोष्टी खरेदीच्या दिवशीच ठरून जातात.

मॉनिटरवर दिसणारे चित्र तयार करण्याच्या कामाला ग्राफिक्स म्हणतात. त्यासाठी वेगळे कार्ड लावता येते, आणि चित्रपटाचे संकलन, मोठे खेळ वा वास्तुरचनेची त्रिमिती रेखाटने यांसाठी ते लागतेही. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या संगणक कक्षात वेगळे कार्ड घेणे म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचे इंजिन बसविण्यासारखे आहे. तेथे संगणकातच अंतर्भूत असलेले, म्हणजे बोलीभाषेतील ‘ऑनबोर्ड’ ग्राफिक्स पुरेसे होते. प्रश्न एवढाच की, ते नेमके कोठे असते?

ऑनबोर्ड ग्राफिक्स आता बोर्डावर नसते

या एका मुद्द्यावर खरेदीतील बहुतेक घोटाळे उभे असल्यामुळे तो थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. इंटेलने १९९९ मध्ये ‘८१०’ हा चिपसंच बाजारात आणला, तेव्हापासून स्वस्त संगणकांत चित्रनिर्मितीची व्यवस्था मदरबोर्डवरील चिपमध्येच असे. आपल्याकडील कार्यालयांत व सायबर कॅफेंत पुढे ज्यांचा सुळसुळाट झाला त्या ‘जी३१’ आणि ‘जी४१’ बोर्डांवरही हीच रचना होती. त्या काळी ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’ हा शब्द अक्षरशः खरा होता, आणि बोर्डांची तुलना करताना कोणत्या बोर्डावरील ग्राफिक्स चांगले हा प्रश्न विचारणे रास्त होते. एएमडीच्या ७८०जी चिपसंचाने २००८ मध्ये या बाबतीत चांगलेच नाव मिळविले होते.

पुढे चित्र पालटले. २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरून उचलून प्रोसेसरच्या आवरणात नेली. २०११ मध्ये ती प्रोसेसरच्या मूळ तुकड्यातच सामावली गेली. त्याच वर्षी एएमडीनेही ‘एपीयू’ या नावाने तसेच प्रोसेसर आणले. तेव्हापासून बोर्डावर उरली आहेत ती फक्त मॉनिटरची तार खोचण्याची तोंडे. चित्र तयार होते प्रोसेसरमध्ये, आणि बोर्ड ते बाहेर पोहोचविण्याचे काम करतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या एकाच चिपसंचाच्या बोर्डांपैकी कोणत्या बोर्डाचे ग्राफिक्स अधिक चांगले, हा प्रश्न यामुळे आता निरर्थक झाला आहे. बोर्डाला तोंडे कोणती आणि त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही, हे दोनच प्रश्न उरतात.

एका अक्षराचा प्रश्न

ग्राफिक्स आहे की नाही हे ओळखण्याची खूण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते. ‘आय३-१२१००’ आणि ‘आय३-१२१००एफ’ हे दोन्ही चार गाभ्यांचे, सारख्याच सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसर आहेत. एफ असलेला सामान्यतः काहीसा स्वस्त मिळतो. कमीत कमी दर स्वीकारण्याच्या प्रथेत हा स्वस्तपणा आकर्षक वाटतो. पण एफ असलेला प्रोसेसर बसवून बोर्डाच्या एचडीएमआय तोंडात तार खोचली तर मॉनिटर काळाच राहतो. पंखा फिरतो, दिवे लागतात, चित्र मात्र येत नाही. मग दुरुस्तीवाला येतो, ‘नो डिस्प्ले’ असे निदान करतो, आणि अखेरीस वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते. वाचलेल्या पैशाहून खर्च अधिक होतो.

एएमडीच्या बाबतीत नियम उलटा आहे. तेथील ‘एएम४’ सॉकेटच्या रायझन मालिकेत नावाअखेर ‘जी’ हे अक्षर असेल तरच ग्राफिक्स असते. ‘रायझन ५ ५६००जी’मध्ये ते आहे, ‘रायझन ५ ५६००’मध्ये नाही. नंतरच्या ‘एएम५’ सॉकेटच्या ७००० मालिकेपासून, एफ हे अक्षर नसल्यास, साधे ग्राफिक्स बहुतेक प्रोसेसरांत दिलेले असते. एका कंपनीत एक अक्षर नसावे, दुसरीत दुसरे अक्षर असावे, आणि त्याच दुसरीच्या नव्या पिढीत पुन्हा निराळे! व्यापारी नामकरणाची ही तऱ्हा ग्राहकाच्या सोयीसाठी आहे असे म्हणवत नाही. म्हणूनच मागणीपत्रात केवळ ‘आय३ बारावी पिढी’ असे लिहिणे धोक्याचे होय. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, लिहिले पाहिजे.

बाजारात काय मिळते?

कमी खर्चाच्या कामासाठी आज विचारात घ्यावेत असे बोर्ड मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला, इंटेलच्या ‘एच६१०’ चिपसंचाचा. तो २०२२ मध्ये आला. त्यावर इंटेलचे बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. रॅमसाठी दोन जागा असतात. पेंटियम गोल्ड जी७४०० या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरपासून आरंभ करून पुढे गरजेप्रमाणे त्याच बोर्डावर आय३ किंवा आय५ बसविता येतो, ही त्याची जमेची बाजू. आय३-१२१०० मधील ‘यूएचडी ७३०’ हे ग्राफिक्स बलाढ्य नाही; परंतु यूट्यूबसारख्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या व्हीपी९ आणि एव्ही१ या दोन्ही पद्धतींच्या चलच्चित्रांचा उलगडा ते यंत्रणेच्या आतच करते आणि प्रोसेसरवर भार पडू देत नाही. वर्गात ‘दीक्षा’वरील पाठ किंवा एखादा शैक्षणिक चित्रफीत-पाठ दाखविताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. जुन्या बोर्डांवर चित्र अडखळते ते ‘इंटरनेट मंद’ असल्यामुळेच असे नव्हे. पुष्कळदा जुन्या ग्राफिक्सला नव्या पद्धतीची चित्रफीत उलगडता येत नाही आणि सारा बोजा प्रोसेसरवर येतो, हे कारण असते.

दुसरा, एएमडीच्या ‘ए५२०’ चिपसंचाचा, २०२० मध्ये आलेला. यावर सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६००जी बसतो, आणि त्यातील ‘वेगा’ ग्राफिक्स इंटेलच्या वर सांगितलेल्या ग्राफिक्सपेक्षा निश्चितच सरस आहे. विद्यार्थ्यांना त्रिमिती चित्रे शिकवावयाची असतील, शाळेत चित्रफिती तयार करण्याचा उपक्रम असेल, तर हा जोड घ्यावा. एव्ही१चा उलगडा मात्र तो यंत्रणेच्या आत करीत नाही. सहा गाभ्यांच्या बळावर ते काम निभावून नेतो. कार्यालयीन कामात, म्हणजे संकेतस्थळे उघडणे, अर्ज भरणे, पत्र टंकणे यांत, आय३-१२१०० त्याच्या बरोबरीने किंवा किंचित अधिक चपळाईने चालतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘रायझन ३ ३२००जी’ हा नावाने ३००० मालिकेतील दिसतो, परंतु त्याची अंतर्रचना आधीच्या पिढीची आहे, आणि ए५२० बोर्डाच्या अधिकृत आधारात ती पिढी येत नाही. काही उत्पादक त्याला आधार देतात, काही देत नाहीत. बोर्डाच्या उत्पादकाने संकेतस्थळावर दिलेली प्रोसेसरांची यादी पाहिल्याखेरीज असा जोड मागवू नये. जुन्या ए३२० बोर्डावर ५६००जी बसवावयाचा असेल तर प्रथम बोर्डाचे ‘बायोस’ अद्ययावत करावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार निराळाच आहे. यात प्रोसेसर बोर्डालाच कायमचा झाळलेला असतो. इंटेलचा ‘एन१००’ हा २०२३ मधील चार गाभ्यांचा प्रोसेसर या प्रकारात लोकप्रिय झाला. त्याची निर्धारित वीजमर्यादा अवघी ६ वॅट आहे. आय३-१२१००ची ६० वॅट. यांपैकी काही बोर्ड लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात, त्यामुळे एसएमपीएस लागतच नाही. अर्ज भरणे, उतारे छापणे, चित्रफीत दाखविणे एवढेच काम असलेल्या ठिकाणी हा बोर्ड उत्तम. पण त्याची दुसरी बाजू अशी की, पुढे शक्ती वाढविता येत नाही, आणि बोर्ड बिघडला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर गेला. तालुक्याच्या बाजारात बदली बोर्ड चटकन मिळणे कठीण असते, याचाही विचार हवा. शिवाय यांपैकी काहींना लॅपटॉपची आखूड रॅम लागते. कपाटात पडून असलेली जुनी लांब रॅम त्यांत बसत नाही.

एएमडीचा ‘ए६२०’ हा २०२३ मधील बोर्डही आहे. त्याला डीडीआर५ रॅमच लागते. आजच्या घडीला अल्पखर्चाच्या हिशेबात तो बसविणे अवघड आहे.

याखेरीज एक चौथा प्रकार बाजारात उघडपणे विकला जातो, आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. ‘एच६१’ अथवा ‘एच८१’ चिपसंचाचे नवे कोरे बोर्ड, फारशा परिचित नसलेल्या नावांनी, जुन्या यंत्रांतून काढलेल्या आय३ किंवा आय५ प्रोसेसरसह फार स्वस्तात दिले जातात. नांदेड असो, पुणे असो की सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर असो, हा माल सर्वत्र दिसतो. एच६१ हा २०११ चा चिपसंच असून त्यावर दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. एच८१ हा २०१३ चा आणि चौथ्या पिढीचा. खोक्यावर ‘आय५’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि सदस्यांच्या बैठकीत ‘आय३ पेक्षा आय५ मोठा’ असा युक्तिवाद सहज मान्य होतो. प्रत्यक्षात तिसऱ्या पिढीच्या आय५पेक्षा बाराव्या पिढीचा आय३ कितीतरी वेगवान आहे, आणि विंडोज ११ च्या अटींत त्या जुन्या आय५ला जागाच नाही. घरगुती, तात्पुरत्या उपयोगासाठी कोणी तो घेतला तर घेवो. सार्वजनिक पैशातून तो घेऊ नये असे स्पष्ट मत आहे.

रॅमचे गणित

अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. संगणकाच्या रॅममधूनच ते आपला वाटा घेते. म्हणून ४ जीबी रॅमच्या संगणकात कामासाठी ४ जीबी कधीच मिळत नाही.

हा वाटा किती मोठा असतो? साध्या मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्रास सुमारे ८३ लाख बाइट लागतात. सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवावयाचे तर सुमारे ५० कोटी बाइट, म्हणजे अर्धा जीबी. डीडीआर४-३२०० जातीची एक रॅमपट्टी सेकंदाला कमाल २५.६ जीबी इतकी ने-आण करू शकते. साधे चित्र दाखविण्यात तिच्या क्षमतेचा पन्नासावा हिस्साच खर्च होतो. कार्यालयीन कामाला अंतर्भूत ग्राफिक्स का पुरते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मात्र त्रिमिती चित्रे आली की ग्राफिक्स स्मृतीकडे वारंवार धाव घेते, आणि तेथे एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या लावल्याने मार्ग दुप्पट रुंद होतो : ५१.२ जीबी. यासाठी १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे केव्हाही श्रेयस्कर. रायझनच्या वेगा ग्राफिक्सला तर याचा लाभ विशेष होतो. एन१०० मध्ये मार्ग एकच असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या ग्रामपंचायतीत स्वामित्व योजनेतील गावठाणाचे ड्रोन-नकाशे उघडून पाहावयाचे असतील, तेथे ग्राफिक्सची चिंता न करता १६ जीबी रॅम घ्यावी. मोठे नकाशे अडतात ते बहुधा स्मृतीपाशी.

एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन स्वतंत्र जातींत मिळतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही; पट्टीवरील खाच निराळ्या जागी असते. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर भडकले, त्यामुळे हा तपशील आता खर्चाचाही झाला आहे. शाळेतील बंद पडलेल्या एच३१० सारख्या बोर्डावर डीडीआर४ रॅम असेल, तर ती काढून, खोडरबराने तिचे सोनेरी दात हलकेच पुसून, नव्या डीडीआर४ बोर्डावर लावता येते. वेग थोडा कमी मिळेल, पण पैसा वाचेल.

जुना प्रोजेक्टर आणि नवे तोंड

शाळांतील प्रोजेक्टर व जुने मॉनिटर यांना बहुधा पंधरा टाचण्यांचे निळे व्हीजीए तोंडच असते. ही पद्धत १९८७ ची आहे, आणि ती अजूनही आपल्या वर्गखोल्यांत टिकून आहे. अनेक एच६१० आणि ए५२० बोर्डांवर एचडीएमआयबरोबर व्हीजीए तोंडही दिलेले असते, काहींवर नसते. दोन-चारशे रुपयांचा फरक असला तरी दोन्ही तोंडांचा बोर्ड घ्यावा. व्हीजीए नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत विद्युतमंडल असलेला जोड लागतो. नुसती तार चालत नाही. दोन तोंडे असली की एका पडद्यावर शिक्षकाचे टिपण आणि प्रोजेक्टरवर वर्गासाठी पाठ, अशी सोयही होते.

यूएसबीची तोंडे मोजून घ्यावीत. सेवा केंद्रात कळफलक, माऊस, छपाईयंत्र, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन अशी पाच तोंडे एकाच वेळी गुंतलेली असतात. सहापेक्षा कमी तोंडे असलेला बोर्ड तेथे अपुरा पडतो.

वीज, ऊन आणि मृगाआधीचे गडगडाट

मोठ्या शहरांसाठी लिहिल्या जाणाऱ्या तुलनांत या गोष्टी क्वचितच येतात, पण आपल्याकडे बोर्ड मरतात ते यांच्यामुळेच.

पहिली गोष्ट विजेची. छोट्या यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॅट-तास. घट धरून त्यातील निम्मी ऊर्जा हाती येते असे समजू. संगणक व मॉनिटर मिळून १२० वॅट ओढत असतील तर वीस मिनिटे मिळतात. ५० वॅट ओढत असतील तर पाऊण तासाहून थोडे अधिक. बॅटरी जुनी असेल तर दोन्ही आकडे खाली येतात. दाखल्यासाठी दहा माणसे रांगेत असताना हा फरक लहान नव्हे. शाळेत दहा संगणक रोज पाच तास, वर्षातील दोनशे दिवस चालतात असे धरले आणि प्रत्येकी ३० वॅट वाचले, तर वर्षाला ३०० युनिट वाचतात. वीजबिल थकल्यामुळे संगणक कक्ष बंद ठेवावा लागणाऱ्या शाळेला याचे मोल सांगावे लागत नाही.

दुसरी उष्णतेची. वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि कक्षाचे छत पुष्कळदा पत्र्याचे असते. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरविणाऱ्या भागावर धातूची पन्हळी, म्हणजे हीटसिंक, नसते. अशा बोर्डावर ६५ वॅटपर्यंतचेच प्रोसेसर बसवावेत. आणि दर सहामाहीस धूळ झाडावी; मातीच्या मैदानालगतच्या खोलीत पंख्याच्या पात्यांवर चढणारा थर पाहिला म्हणजे याचे कारण कळते.

तिसरी आकाशातील विजेची. मृगापूर्वीच्या पावसात विजा पडतात तेव्हा जवळपासच्या तारांतून आलेला दाब बोर्डाचे नेटवर्क तोंड जाळून टाकतो. बाकी संगणक धडधाकट, पण इंटरनेट बंद. अशा वेळी संपूर्ण बोर्ड बदलण्याची गरज नसते. बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची एक लहान मोकळी खाच असेल तर त्यात स्वस्त नेटवर्क कार्ड लावून यंत्र पुन्हा कामास लागते. त्यामुळे अशी खाच असलेला बोर्ड घेणे हा एक प्रकारचा विमाच आहे. अर्थिंग नीट करून घेणे आणि गडगडाट सुरू होताच नेटची तार काढून ठेवणे हे उपाय फुकट आहेत, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित.

आणखी एक बारीक गोष्ट. बोर्डावर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, ‘सीआर२०३२’ नावाची, ३ व्होल्टची. ती संपली की संगणकाचे घड्याळ मागे जाते. घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र नाकारतात आणि पोर्टल उघडत नाही. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून लोकांना परत पाठविण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. बॅटरी तालुक्याच्या घड्याळाच्या दुकानातही मिळते.

जुन्या यंत्रांचे काय?

सर्वच जुनी यंत्रे टाकाऊ नसतात. जी३१, जी४१ बोर्डांवर आता खर्च करू नये. चौथ्या पिढीपासून पुढच्या यंत्रांत मात्र २५६ जीबीची एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम घातली, तर ती विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आणखी काही वर्षे चालतील. त्यांवर लिनक्स घालावे. ‘सी-डॅक’ने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणालीही उपलब्ध आहे. स्क्रॅच, जिओजेब्रा, मराठी टंकलेखन यांसाठी ती पुरेशी होते. सेवा केंद्राच्या संगणकावर मात्र असा बदल करण्यापूर्वी स्वाक्षरीचे टोकन व ठशांचे यंत्र त्या प्रणालीवर चालते किंवा कसे, हे प्रत्यक्ष जोडून पाहावे. आठव्या पिढीच्या पुढील यंत्रांना बहुधा विंडोज ११ घेता येते. टीपीएम नाही असे पडद्यावर दिसले तरी ते बायोसमध्ये केवळ बंद ठेवलेले असण्याचा संभव असतो.

जे खरोखरच निकामी झाले ते भंगारवाल्यास देऊ नये. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात असून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच असा माल गेला पाहिजे. जडसंग्रह नोंदवहीतून वस्तू कमी करताना त्याची पोच जोडून ठेवावी.

दरपत्रक मागविताना

‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’वर तयार संगणक मिळतात आणि मोठ्या खरेदीस तोच मार्ग योग्य आहे. स्थानिक निधीतून दोन-तीन यंत्रे जोडून घेताना मात्र मागणीपत्राची शब्दरचना स्वतः करावी लागते. ती साधारण अशी असावी : ‘इंटेल एच६१० चिपसंचाचा मदरबोर्ड, डीडीआर४ जातीचा, रॅमच्या दोन जागा, एक एचडीएमआय व एक व्हीजीए तोंड, मागील बाजूस किमान सहा यूएसबी तोंडे, एक एम.२ खाच, एक लहान पीसीआय एक्स्प्रेस खाच, उत्पादकाची तीन वर्षांची हमी; प्रोसेसर इंटेल कोअर आय३-१२१०० (नावाअखेर एफ नसलेला), मूळ पंख्यासह, नवा; रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या; वेगळे ग्राफिक्स कार्ड नको.’ शेवटचे चार शब्द अनावश्यक वाटतील, पण खर्च फुगविण्यासाठी जुने कार्ड खोचून देण्याची प्रथा अगदीच नाहीशी झालेली नाही.

हमीचा कागद बोर्डाचा वेगळा, प्रोसेसरचा वेगळा घ्यावा, आणि दोहोंवरील अनुक्रमांक खोक्यातील वस्तूंशी ताडून पाहावेत. हमीत बोर्ड पाठविण्याचा खर्च कोणाचा, व नांदेड येथे स्वीकृती केंद्र आहे काय, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. माल स्वीकारण्याच्या दिवशी कॅबिनेट उघडावयास सांगावे. यंत्र चालू करून बायोसच्या पहिल्या पानावर प्रोसेसरचे पूर्ण नाव व रॅमच्या दोन्ही जागा भरलेल्या दिसतात की नाही ते पाहावे, मॉनिटरची तार बोर्डाच्याच तोंडात आहे याची खात्री करावी, शाळेचा प्रोजेक्टर आणून जोडावा, एक चित्रफीत पूर्ण पडद्यावर दहा मिनिटे चालवावी, आणि मगच देयकावर ‘माल मिळाला, तपासला’ असा शेरा लिहावा.